टाकीचा दगड

सातपूर, नाशिक
१४ सप्टेंबर २०२५

चि. संध्या,

पेठ नाक्यावर नाथा कंडक्टरने बसच्या खिडकीतून तुझं पाकीट माझ्या हातात दिलं आणि वर मलाच सुनावलं, "काका, मोबाईलचा जमाना हाय आता." म्हटलं, बाबा रे, उंबरमाळला रेंज येते तेव्हा तुझी बस येत नाही, आणि बस येते तेव्हा रेंज नसते. लिहू दे पोरीला.

बायकांच्या उद्योगासाठीच्या सरकारी अनुदानातून तुमच्या गटाला पहिला हप्ता मंजूर झाला, हे मी वर्कशॉपात लेथ बंद करून सगळ्यांना वाचून दाखवलं. घरी आमच्या लताबाई म्हणाल्या, "लेथ बंद? म्हणजे काहीतरी मोठंच झालं!" मोठंच आहे. पण भागुबाईंची आठवण आल्याशिवाय राहिली नाही. गेल्या दिवाळीत तुझ्याबरोबर आल्या होत्या. चक्कीच्या नव्या दगडांच्या रांगेत एकेकावर बोटाचं पेर वाजवत गेल्या, आणि माझ्या सगळ्यात महाग दगडापाशी थांबून म्हणाल्या, "ह्यो बोलत नाय." कपाळावर हातच मारला मी. बरोबर होतं त्यांचं, दगडाला आत चीर होती. जाताना म्हणाल्या, "पुढल्या साली द्राक्षाला जायाचं नाय. पिकअपमधे चढायचं नाय. आपली नागली, आपलं पीठ." आणि फाल्गुनात तोच पिकअप घाटात उलटला, त्यात त्या गेल्या.

आता कामाचं. चक्की तयार आहे. तुझा बाप बुधा इतकी वर्षं माझ्याकडे दगड बसवायचा, त्याच्या लेकीला माल देताना मी हात आखडणार नाही. पाया मात्र तुम्हीच भरा, तेवढा खर्च वाचेल. काँक्रीटच्या मधोमध एक चांगला टाकीचा दगड घाला, म्हणजे मशीन थरथरणार नाही. चक्की चालू स्थितीत तपासून गेले की दुसरा हप्ता मिळतो, हे तूच लिहिलंस. तोवर बायकांना द्राक्षाच्या मजुरीला जाऊ देऊ नको. एकदा गटातल्या बायका पांगल्या, की चक्की कोणाच्या तरी गोठ्यात जाते. मी पाहिलंय.

तुझा,
पुंजारामकाका


उंबरमाळ, ता. पेठ
९ नोव्हेंबर २०२५

काका, जोहार.

चक्की पोहोचली, बसली, चालली. पाया तुम्ही सांगितला तसाच घातला. एवढी जड चक्की, पण वर पाण्याचा पेला ठेवला तरी पाणी हलत नाही.

उद्घाटन कारभारीदादाने केलं. शेड त्याच्या जागेवर आहे, त्यामुळे नारळ त्याचा, कात्री त्याची, आणि किल्लीही त्याच्याच खिशात. त्याची बायको सुमनबाई आमच्या गटात आहे. भागुमावशीच्या जागी तिलाच अध्यक्ष करा म्हणून तो मागे लागलाय. सुमनबाई काही बोलत नाही. तिच्या वतीने तोच बोलतो. दरवर्षी आम्हाला द्राक्षाच्या मळ्यांवर नेणारे पिकअप त्याचेच. आम्ही गेलो नाही तर त्याचं कमिशन बुडतं, हे तुम्हाला सांगायला नको.

पाहुण्यांच्या कपड्यांवर पीठ उडेल म्हणून त्याने चक्की रिकामीच फिरवली. आई ओरडली, "रिकामं दळू नका रं!" पण स्पीकरवर गाणं लागलं होतं, कोणाला ऐकू गेलं नाही.

धंद्याचं चांगलं चाललंय. नागलीचं पीठ पंचवटीतल्या एका दुकानाने घेतलं, आणखी मागवलं. बायका खुशीत आहेत, या हंगामात कोणीच गाव सोडायचं नाही असं ठरलंय.

एक गोष्ट विचारायची आहे. पहाटे शेडमधून चक्कीचा आवाज येतो. मी दोनदा जाऊन आले. बाहेरून कुलूप. पत्र्याला कान लावला की आवाज थांबतो. सकाळी कारभारीदादाने दार उघडलं तर पेटीत पीठ होतं, आणि ते गरम होतं. आदल्या संध्याकाळी मी पेटी पुसून गेले होते. तो स्वतःचं दळण चोरून काढतो का, की चक्कीत काही बिघाड आहे?

संध्या


सातपूर
१६ नोव्हेंबर २०२५

चि. संध्या,

चक्की आपोआप चालत असेल तर वीजवाल्यांना कळवू नको, ते तुमच्या पाड्याला धरण समजून पाटी लावतील.

गंमत सोड. माझं मत ऐक. कारभारी हा माणूस मी न बघता ओळखला. किल्ली ज्याची, पहाट त्याची. त्याचं दळण तो तुमच्या मीटरवर काढत असणार. संध्याकाळी मीटरचा आकडा बघून ठेव, सकाळी पुन्हा बघ. चोर आपोआप सापडेल.

आणि आवाजाचं म्हणशील, तर रिकामी फिरवली तिथेच चुकलं. दगड दगडाला घासला की छिन्नीने ठोकलेली टाकी झिजते, त्याला चकाकी येते, मग तो दाणा धरत नाही, नुसता गुरगुरतो. तुझ्या आईचं ऐकायला हवं होतं. जुनी माणसं रिकामं जातं फिरवू देत नसत. कोणी म्हणे घरात भांडण येतं, कोणी म्हणे जातं मग दळायला माणूस मागतं. माझा बाप म्हणायचा, "टाकी बोथट होते, एवढंच. बाकीचं बायकांनी पोरांना भ्या दाखवायला काढलंय."

तरी तो आवाज मला ऐकव. फोनमध्ये भरून घे आणि ते कार्ड नाथाबरोबर पाठव. मी कानाचा माणूस आहे. बेअरिंग, पट्टा, दगड, काय रडतंय ते एका मिनिटात सांगतो.

काका


उंबरमाळ
२८ नोव्हेंबर २०२५

काका,

पाकिटात कार्ड आहे. शेडच्या मागच्या भिंतीला फोन टेकवून आवाज भरला. कान लावला की थांबणारा आवाज फोनसाठी थांबला नाही.

मीटर पाहिला. संध्याकाळचा आकडा आणि सकाळचा आकडा एकच. कारभारीदादा तर तेव्हा गावातच नव्हता, दिंडोरीला मळेवाल्यांशी बोलणी करायला गेला होता आणि किल्ली बरोबर घेऊन गेला होता. आता तोच सांगत फिरतोय, "चक्की बाधली हाय. तिथं राबाल तर मराल. त्यापेक्षा द्राक्षाला चला, रोजी रोख हाय." काही जणी घाबरून गेल्या. काल सकाळी पिकअप भरून गेला. भागुमावशी ज्या फळीवर बसायची, तिथे कोणी बसलं नाही म्हणे. ती जागा सोडून सगळ्या एकमेकींच्या मांडीवर बसल्या.

खरी काळजी वेगळीच आहे. आईच्या तळहातांना फोड आलेत. महिनाभर तिने जात्याला हात लावला नाही. आमचं सगळं दळण चक्कीवरच होतं. विचारलं तर म्हणते, "विळ्याचं हायेत." फोड विळ्याचे नाहीत. मी लहानपणी तिच्या हाताला तेल चोळलंय, खुंट्याचे फोड मला कळतात. सकाळी तिच्या केसांत पीठ असतं. जेवण निम्मं झालंय. दिवसा चालता चालता भिंतीला टेकते आणि उभ्या उभ्या झोपते.

काल मी तिला म्हटलं, आये, दवाखान्यात जाऊ. ती म्हणाली, "नागली सरू दे मग जाऊ." आणि मग शेडकडे तोंड करून, माझ्याकडे नाही, हळूच म्हणाली, "आले गं, आले."

संध्या


सातपूर
३ डिसेंबर २०२५

संध्या,

ऐकलं. आधी वर्कशॉपात ऐकलं, मग मशिनं बंद करून ऐकलं. मग घरी आलो आणि लताबाईंना म्हटलं, मिक्सर थांबवा. त्या काही न विचारता समोर येऊन बसल्या. आवाज संपल्यावर म्हणाल्या, "हे चक्कीचं नाही हो."

नाही. बेअरिंग नाही, पट्टा नाही. मोटर दगडाला एकसारखी ओढते, तिच्या आवाजाला चढउतार नसतो. या आवाजात झोका आहे. एक ओढते, दुसरी सोडते, मग दुसरी ओढते, पहिली सोडते. समोरासमोर बसून, एकाच खुंट्यावर दोघींनी हात धरून दळलं की असा आवाज निघतो. मी तो आवाज झोपेतही ओळखीन. आमच्या शेजारच्या घरात सासू-सुना असंच दळायच्या. माझी आई मात्र एकटी दळायची. बाप देवळ्यापासून तुमच्या डोंगरापर्यंत "जात्याला टाकीऽऽ" ओरडत गावोगाव फिरायचा, घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. काही फेऱ्या झाल्या की आई दमून थांबायची, घसरलेली बांगडी मागे सारायची, किण्ण वाजायचं, आणि पुन्हा एकटी ओढायला लागायची. एकटीचं दळण आणि दोघींचं दळण यातला फरक मला त्या घराने शिकवला.

आता जे लिहितो ते आईला दाखवू नको. तू भरलेल्या आवाजात एक हात दमतो. सुरुवातीला बरा असतो, पुढे पुढे उशिरा येतो, अडखळतो. दुसरा हात दमत नाही. शेवटपर्यंत तसाच. जराही नाही.

तुझ्या आईला तिथून हलव. पंचवटीत आमची थोरली मुलगी साधना राहते, तिच्याकडे आणून सोड. आणि मला आजच्या आज कळव, चक्कीच्या पायात तुम्ही काय घातलं?

काका


उंबरमाळ
१० डिसेंबर २०२५

काका,

पायात काय घातलं म्हणजे? तुम्हीच लिहिलं होतंत, टाकीचा दगड घाला.

आमच्या पाड्यावर टाकी लावलेला दगड म्हणजे जातं. दुसरा कोणता? सगळ्यांची जाती वापरात होती. भागुमावशीचं तेवढं बिनधन्याचं. तिला ना लेक ना सून. मेलेल्या बाईचं जातं दुसरीने दळत नाहीत, टाकूनही देत नाहीत. आईच म्हणाली, भागीने चक्कीसाठी जीव टाकला, तिचाच दगड चक्कीखाली असू दे. म्हणून खालची तळी पायात बसवली. वरची तळी खुंट्यासकट आई आमच्या घरी घेऊन आली. आम्हाला वाटलं, तुम्ही फार चांगलं सुचवलंत. वरच्या तळीवर कडेला चिमणीच्या पायासारखी एक खूण कोरलेली आहे, ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

तुमचं पत्र वाचल्यावर मी झोपले नाही, जागी राहिले. पहाटे आई उठली. डोळे मिटलेले. कोपऱ्यातल्या वरच्या तळीपुढे बसली. ती तळी नुसत्या जमिनीवर पडलेली असते, खाली काहीच नाही. आईने खुंटा धरला आणि फिरवायला लागली. घरात काही आवाज नाही. तिकडे शेडमध्ये चक्की सुरू झाली.

मी तिचा हात धरून सोडवायला गेले, काका. खुंटा माझ्या हाताखालून ओढला गेला. आईने नाही ओढला.

सकाळी मी रडले, पंचवटीला चल म्हटलं. ती म्हणाली, "नवी नवरी व्हते तवापासून आम्ही दोघी दळतो. तिनं तुझ्यासाठी पीठ दळलंय, तू पाळण्यात व्हतीस तवा. ती मेली म्हणून मी हात सोडू व्हय? एकटीला वढवल का तिला?"

तपासणी १७ तारखेला आहे. पाया फोडून तळी काढली तर चक्की बंद, हप्ता गेला, उरलेल्या बायकाही पिकअपमध्ये. नाही काढली तर आई जाईल. कारभारीदादा म्हणतो, "सुमनला अध्यक्ष करा, मी सगळं निस्तरतो." मी काय करू?

संध्या


सातपूर
१२ डिसेंबर २०२५

पोरी,

शब्द माझा, घोळ माझा. सातपुरात आम्ही घडीव दगडाला टाकीचा दगड म्हणतो, चौकोनी, पायऱ्यांना लावतात तसला. तुम्हाला जातं दिसलं. माझ्या बापाला हे कळलं असतं तर तो तिथेच बसून हसला असता. चिमणीचा पाय त्याचीच खूण. प्रत्येक जात्यावर कोरायचा, म्हणायचा, दगड हरवला तर मला ओळखता यावा.

पाया फोडू नको. फोडून काय होणार? तळी काढाल, पण जिला हात हवाय ती काही काँक्रीटमध्ये बसलेली नाही.

मी रात्रंदिवस कार्डावरचा तो आवाज ऐकतोय. लताबाई म्हणतात, वेड लागेल. पण ऐकून ऐकून एक गोष्ट कळली. त्या आवाजात राग नाही. झटका नाही. जात्यावर जोडीदारणीशी भांडण झालं की खुंट्याला हिसका बसतो, तो ऐकू येतो. इथे नाही. ती कोणाचा जीव घ्यायला बसलेली नाही. तिला वाटतंय, आपली पाळी अजून संपली नाही. ती दमत नाही, म्हणून समोरची दमते हे तिला कळतच नाही.

भात लावणीला तुम्ही सावड करता ना? आज हिच्या शेतात सगळ्यांनी राबायचं, उद्या तिच्या. मग दळणाला का नाही? एकटी तुझी आई तानुबाई का ओढते? ज्या ज्या बाईला चक्कीचं पीठ मिळतं, तिच्या घरी ती वरची तळी एकेक पहाट जाऊ दे. एक पहाट कोणाचाही हात सोसतो. तुझ्या आईला आठवडा झोपू दे.

पण जबरदस्ती नको. स्वतःहून जी ठेवून घेईल, तिच्याकडेच न्या.

काका


उंबरमाळ
१९ डिसेंबर २०२५

काका,

आई काल दिवसभर झोपली आणि उठून भाकरी मागितली. आता सगळं सांगते.

तुमचं पत्र मी गटात वाचून दाखवलं. कोणी हसेल असं वाटलं होतं. कोणी हसलं नाही. सगळ्यात आधी संगीताकाकू म्हणाली, "माझ्याकडं आणा. भागीनं माझ्या पोरीच्या बाळंतपणात रात काढलीय." तळी घरोघर फिरायला लागली. सकाळी हाताला थोडी लाली, बस. एकीने तर सांगितलं, "मी तिच्याशी सगळं बोलून घेतलं. ती ऐकून घेते, मधेमधे बोलत नाय, जित्ती होती तेव्हापेक्षा बरी हाय." इतक्या दिवसांनी आम्ही सगळ्या हसलो.

तपासणीच्या आदल्या दिवशी कारभारीदादा दोन गड्यांना घेऊन आला. "हीच ती भानगड ना?" म्हणाला आणि तळी उचलून स्वतःच्या घरी नेली. मी म्हटलं, दादा, जबरदस्तीने नेऊ नका. तो म्हणाला, "उद्या मॅडमसमोर अध्यक्ष म्हणून सुमन बोलंल. तू मधे तोंड घालायचं नाय."

दुसऱ्या दिवशी तपासणीसाठी मनीषा मॅडम जीपने आल्या, आणि वीज गेली. मॅडम चांगल्या वाटल्या, पण सरळ म्हणाल्या, "चक्की चालू बघितल्याशिवाय मला चालू लिहिता येणार नाही. मी थोडं थांबते." कारभारीदादा पुढे आला. त्याने दोन्ही हात उपरण्यात गुंडाळले होते. मॅडम म्हणाल्या, "किल्ली?" त्याला खिशात हात घालता येईना.

"हाताला काय झालं?"

त्याच्या वतीने सुमनबाई बोलली. इतक्या वर्षांत मी तिचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

"दळत व्हते. पहाटंपासनं. मी हाका मारल्या, उठंनात. उजाडल्यावर सुटले."

माणसांत कुजबुज झाली. कोणीतरी मागून म्हणालं, "कारभारी दळतो?" त्याचं तोंड तांब्यासारखं झालं. काका, पाड्यावर त्याला कोणी भुताने झपाटला म्हणालं असतं तर त्याने मिरवलं असतं. पण जात्यावर बसला, हे कोणाला सांगणार?

सुमनबाईने त्याच्या खिशातून किल्ली काढली आणि शेड उघडली. मॅडमनी विचारलं, "अध्यक्ष तुम्हीच ना?" ती आईकडे बघून म्हणाली, "नाय. अध्यक्ष भागुबाई होती. आता ह्या तानुबाई. आज पाळी माझी, तेवढी करून येते." आणि ती घराकडे निघून गेली. मॅडमना काही समजलं नाही. आम्हाला समजलं. आईने हॉपरमध्ये नागली ओतली आणि माझा हात घट्ट धरला.

थोड्या वेळाने चक्की फिरायला लागली.

भर उन्हात, काका. स्विच खाली. बल्ब बंद. पट्टा झोका घेतल्यासारखा फिरत होता, ओढून, सोडून. पीठ पेटीत पडत होतं. मॅडम स्विचपाशी गेल्या, मीटरपाशी गेल्या, परत आल्या. चिमूटभर पीठ बोटांत घेतलं. ते गरम होतं.

"ही कशावर चालते?"

आई म्हणाली, "सावडीवर, मॅडम."

मॅडमनी पेन काढलं आणि टोपण न काढताच लिहायला लागल्या. मग टोपण काढलं. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. निघताना मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बंद कशी करता?"

"सुमनबाई दमली की होईल," मी सांगितलं.

जीप वळणापर्यंत गेली आणि चक्की थांबली.

संध्या


उंबरमाळ
१५ जानेवारी २०२६

काका, तिळगूळ घ्या. लताकाकूंनाही द्या.

दुसरा हप्ता जमा झाला. द्राक्षाला गेलेल्या बायका संक्रांतीसाठी आठ दिवस आधीच आल्या आणि परत गेल्या नाहीत. परवा कारभारीदादाचा पिकअप रिकामा उभा होता, शेवटी सुमनबाईने त्यात पिठाची पोती भरली आणि त्यालाच म्हणाली, "पंचवटीला न्या. भाडं गटातून मिळंल." तो घेऊन गेला. त्याच्या हातांचे फोड भरून आलेत, पण शेडजवळून जाताना तो चप्पल काढतो.

आईचं वजन वाढलंय. पीठ तर इतकं बारीक येतं की दुकानदार विचारतो, कोणतं मशीन?

वरची तळी मात्र फिरून फिरून गुळगुळीत झाली. नाथाच्या बसमधून पाठवतेय, त्याने तिचं अर्धं तिकीट काढलं. तुमच्या हाताने टाकी लावून द्या. तुमच्या वडिलांच्या खुणेचा दगड आहे, दुसऱ्या कोणाला देववत नाही. आईचा निरोप आहे, काम झालं की लगेच परत पाठवा, घरात मुक्कामाला ठेवू नका.

संध्या


सातपूर
२१ जानेवारी २०२६

चि. संध्या,

अक्षर बघून हसू नको. दोन्ही तळहातांना पट्ट्या बांधून लिहितोय.

तळी सोमवारी मिळाली. बापाची छिन्नी शोधून काढली. वर्कशॉपातल्या पोरांना बाजूला करून स्वतः टाकी लावली. हात विसरला नव्हता. बोटाचं पेर वाजवलं, दगड बोलला. तानुबाईंचा निरोप माझ्या लक्षात होता, पण इतका चांगला दगड वर्कशॉपात कसा टाकून यायचा, म्हणून घरी आणला. खोटं कशाला बोलू. मला ऐकायचं होतं.

पहाटे लताबाईंनी मला स्वयंपाकघरातून उठवलं. मी तळीपुढे बसलो होतो म्हणे. त्या घाबरल्या होत्या, मीही दाखवण्यापुरता घाबरलो. त्यांना सगळं सांगितलं नाही. तुला सांगतो.

मला जाग होती, पोरी. डोळे उघडत नव्हते, पण कान जागे होते. समोरून ओढ आली, मी सोडलं. मी ओढलं, समोरून सोडलं. झोका जमला. मनात म्हटलं, राम राम भागुबाई, दगड बोलतो का बघा. मग फेऱ्या होत गेल्या, आणि समोरचा हात उशिरा यायला लागला. अडखळायला लागला. दमला.

भागुबाई दमत नाहीत, हे मीच तुला लिहिलं होतं ना?

तो हात थांबला. मीही थांबलो. अंधारात, अगदी समोर, बांगडी मागे सारल्यावर वाजते तशी वाजली. किण्ण. आणि खुंटा पुन्हा ओढला गेला.

तानुबाईंना सांग, दगड आणखी चार दिवस राहू दे. माझ्या आईसमोर कधीच कोणी बसलं नव्हतं.

पुंजारामकाका